अवसेचा रविवार

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा लांबली. फादर नवीन, वयानं तरुण, आणि बोलायची हौस दांडगी. मी दोनदा जुजेला कोपरानं ढोसलं, कारण बाकावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागत होता. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, पहाटे पाचला उठून बांधावर जाऊन आलेला माणूस. जुजे माझा नवरा. आमच्यात नवऱ्याचं नाव घेतात, आणि मी तर जरा मोठ्यानंच घेते. माझ्या आवाजाबद्दल गावात कुणालाही विचारा.

बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पाऊस थांबला होता, ऊन चटका देत होतं. खालच्या वाटेनं कल्पिता धावत येत होती. कल्पिता म्हणजे शिवदासची बायको, आमच्या शेजारच्या तुकड्याची मालकीण. तिच्या दोन्ही हातांना वड्यांचं पीठ तसंच लागलेलं.

"फिलूबाय, खारात पानी घुसलं! सगलं बुडालं!"

माझ्या हातात रोजार होती, जपाची माळ, ती मनगटाला गुंडाळली आणि साडी वर खोचून पळत सुटले. जुजे माझ्या पुढं. एवढ्या वर्षांत मी त्याला असं पळताना पाहिलं नव्हतं.

आमची भातं खाडीच्या काठाला, खारात. मध्ये मातीचा बांध, बांधाच्या आत भात, बाहेर खारं पाणी. बांधाला पाणी जायला एकच तोंड, त्याला उघाडी म्हणतात. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत वरून एकावर एक पाच फळ्या बसवायच्या. पाऊस जास्त झाला की ओहोटीला फळ्या काढून आतलं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती चढायच्या आत परत बसवायच्या. घरटी पाळी ठरलेली. काम म्हणाल तर अर्ध्या तासाचं, पण एकदा चुकलं की तीन वर्षं शेतात मिठाशिवाय काही दिसत नाही. त्या रविवारी पाळी आमची होती. शनिवारी रात्रभर पाऊस कोसळला म्हणून जुजे पहाटे जाऊन फळ्या काढून आला होता.

लावायला मात्र तो जाणार नव्हता. आमच्या पाळीला रविवार आला की उघाडी लावायला शिवदास जातो, कारण आम्ही मिस्सेला. शिवदासच्या पाळीला गणपती, शिमगा, काही सण आला की जुजे जातो. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची ही रीत. यात कुणी कुणाला फोन करत नाही, आठवण देत नाही. सांगायला लागलं तर तो शेजार कसला!

बांधावर पोचलो. जिथं सकाळपर्यंत हिरवंगार भात उभं होतं, तिथं खाडी होती. नुसतं तांबूस, फेसाळ पाणी, आणि मध्ये कुठं कुठं भाताचे शेंडे. अवसेचं उधाण ते, वर्षातलं सगळ्यात मोठं. भात पोटरीला आलेलं, आठ-दहा दिवसांत निसवलं असतं.

उघाडीपाशी गर्दी होती. गर्दीच्या मध्ये रामजी. रामजी कातकरी, बांधाच्या टोकाला पाच-सहा झोपड्या आहेत त्यातला. गावातल्या प्रत्येक शेताला त्याचे हात लागलेले, बांधाला दरवर्षी माती तोच घालतो. तो कमरेपर्यंत भिजलेला, चिखलात गुडघ्यांवर बसलेला, आणि विनेश त्याला बांबूनं मारत होता. विनेश बांध कमिटीचा प्रमुख.

"मासं आत यावं म्हनून फल्या काढल्या हरामखोरानं! गावाच्या पोटावर पाय दिला!"

बाजूला मासे धरायची टोपली पडली होती, तिच्यात चार बोयटं तडफडत होती. तेवढा पुरावा लोकांना पुष्कळ झाला.

"मी काढल्या न्हाय," रामजी ओरडत होता. "मी लावीत व्हतो! लावीत व्हतो मी!"

त्याची बोटं रक्तानं भरलेली होती. दोन नखं निघून आलेली. बांबू पाठीवर पडला की ओल्या कपड्यावर बसतो तसा आवाज येत होता. आमच्या गावात कुणाला असं मारताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मारणारे कोण, तर रोज 'काय फिलूबाय, जेवलात काय' म्हणून विचारणारे. मी डोळे मिटले नाहीत. खोटं कशाला सांगू, बुडालेलं भात बघून मी मनात म्हटलं, बरं झालं, मिळू दे.

जुजे माझ्या शेजारी उभा होता, मिस्सेच्या पांढऱ्या शर्टात. तो रामजीकडं नाही, उघाडीकडं बघत होता. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, भातासाठी.

शेवटी बायकांनीच आरडाओरडा केला तेव्हा विनेश थांबला. म्हणाला, "बुधवारी सकाळी देवळाच्या मंडपात बैठक. सगल्यांसमोर याला पोलिसांत द्यायचा. आनी बांधावर एक झोपडी ठेवायची न्हाय. एक न्हाय!"

*

सोमवारी सकाळच्या ओहोटीला सगळं गाव खारात उतरलं. पाणी निघून गेलं होतं, भात आडवं झालं होतं. हातात घेतलं तर बुळबुळीत लागायचं. वरून पाऊस पडला तर मीठ थोडं धुवून जाईल म्हणून खाचरांच्या बांध्या फोडायच्या, साचलेलं पाणी बाहेर काढायचं, आणि जे गेलंच ते कापून गुरांना. खारं पाणी पायांच्या भेगांत शिरलं की जीव कसा कळवळतो, ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. मी कापत होते आणि तोंडानं रामजीचा उद्धार करत होते. त्याचा, त्याच्या टोपलीचा, त्याच्या सात पिढ्यांचा.

जुजेनं विळा खाली ठेवला.

"फिलू, पुरे."

"पुरे काय पुरे? माझं भात गेलंय!"

"पाची फल्या मी काढल्या व्हत्या."

"हो, मग? ठाऊक हाय मला."

"पाची काढून बांधावर ठेवल्या. मी घरी निघालो तवा एक पन फली खाचंत नव्हती." त्यानं हाताची पाच बोटं दाखवली, मग त्यातली दोन धरली. "काल आपन गेलो तवा खाली दोन बसवलेल्या व्हत्या. घट्ट. मी बघितल्या."

मी विळा बाजूला टाकला.

"लोकांना वाटतं, पाच लावलेल्या व्हत्या आनी त्यानं तीन काढल्या," जुजे म्हणाला. "काढायला व्हतंच काय तिथं? तो लावीत व्हता. दोन लावल्या, तिसरीला पानी आयकंना. म्हनून नखं गेली त्याची."

मी होते तिथं चिखलात बसले. खरंच बसले, साडीनिशी. पाठीवर पडणाऱ्या त्या बांबूचा आवाज माझ्या कानात परत सुरू झाला.

"काल का नाही बोललास?" मी विचारलं. तो खाली वाकला. विळा उचलून कापायला लागला.

मग मला दुसरंच सुचलं. "आणि शिवदास कुठं होता? रविवार होता ना!"

*

शिवदास संध्याकाळी स्वतःच आला. पडवीत बसला, मी दिलेला चहा तसाच ठेवला. चांगला उंचापुरा गडी, पण त्या दिवशी खांद्यातून पार उतरला होता.

"जुजेदादा, काल सर्वपित्री व्हती," तो म्हणाला. "सकालपासून पितरांच्या पानाची तयारी. मला वाटलं, सन माझा हाय, म्हंजे उघाडी तू लावशील."

"माझी मिस्सा व्हती," जुजे म्हणाला. "मला वाटलं, रविवार हाय, म्हंजे तू लावशील."

आमची पाळी, रविवार, अवस आणि रात्रभरचा पाऊस, चारही एका दिवशी आले होते. इतक्या वर्षांत असं कधी जुळलं नव्हतं, म्हणून असं जुळलं तर काय, हे कुणी कुणाशी कधी बोललंच नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. एवढीशी गोष्ट! एक फोन! दोघांच्या खिशात मोबाईल, दिवसभर नको तिथं बोलतात.

शिवदास खाली बघत म्हणाला, "झालं ते झालं. आता बोलून भात उभं राहनार हाय काय? रामजीला चार दिवस ठेवतील, सोडतील. झोपडी काय, दुसरीकडं बांधंल. त्यांचं काय अडतंय? आपन कुठं जानार?"

"त्यानं काय केलंय, शिवदास?" जुजेनं विचारलं.

"काय न्हाय केलं. मी कुठं म्हनतो केलं? पन माझं नाव निघालं तर विनेश मला जित्ता ठेवनार न्हाय. आनी तुझं निघालं तर?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "वयनी, तुमीच सांगा."

आणि मी सांगितलं. मी म्हटलं, "शिवदासभाऊ बरोबर बोलतायत. गावात आपली किरिस्तावांची बारा घरं. उद्या हेच लोक म्हणतील, किरिस्तावांनी गाव बुडवला. मग काय करशील?"

हे मी म्हटलं. रोज संध्याकाळी आल्तारीसमोर मेणबत्ती लावणारी मी. मला भीती वाटत होती, हे खरं. पण भीती सगळ्यांनाच वाटते, रामजीलाही वाटतच असेल.

जुजे त्या दिवशी जेवला नाही.

*

मंगळवारी दुपारी मी अंगणात होते, तेव्हा कुंपणाबाहेर कमळाबाई येऊन उभी राहिली. रामजीची बायको. सुकलेली, काटक बाई, माझ्याबरोबर पंधरा पावसाळे लावणीला वाकलेली. एरवी सरळ पडवीपर्यंत यायची, त्या दिवशी फाटकाला हातही लावला नाही.

"ये ना आत," मी म्हटलं.

"न्हाय. हितंच बरी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याला उठता येत न्हाय. कूस सुजली. रेवदंड्याला डाक्टरकडं न्यायचा तर रिक्षावाला येत न्हाय, गावाला भ्यातो."

मी फाटकापर्यंत गेले.

"फिलूबाय, तुझा घरवाला बांधावरचा जुना मानूस. त्याला इचार, फल्या कशा व्हत्या. त्याला कलंल. तो बोलला तर लोक आयकतील. तुमी देवाची मानसं, खोटं बोलायची न्हाय."

माझ्या तोंडातून आलं, "त्याला काय ठाऊक न्हाय."

कसं आलं, मला विचारू नका. विचार करून आलं नाही. शिंक येते तसं आलं. कमळाबाईनं मान हलवली आणि ती गेली. तिच्या पायात चप्पल नव्हती, रस्ता तापलेला होता, हे मला उगाच दिसत राहिलं.

संध्याकाळी रोजारला बसलो. पहिला मणी धरला आणि पुढं काही येईना. लहानपणापासून पाठ असलेलं, झोपेत म्हणता येईल असं. शेवटी मी रोजार खाली ठेवली.

"जुजे, कमळाबाई आली होती. तिनं विचारलं. मी खोटं बोलले."

तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "दर रविवारी मिस्सेत छातीवर हात मारून आपन कबूल करतो. जे केलं ते, आनी जे करायला पायजे व्हतं पन केलं न्हाय, ते पन. पन्नास वर्षं म्हनतोय मी. मला वाटायचं, ते दुसऱ्या कुनासाठी असंल."

"मग?"

"उद्या सांगतो बैठकीत."

मला परत ती बारा घरं आठवली. पण मी अडवलं नाही. एवढंच म्हटलं, "सांग. पण शिवदासचं पण सांग. चूक दोघांची, तर मार एकट्यानं का खायचा? हा काय न्याय झाला?"

"पाली माझी व्हती, फिलू. माझ्या तोंडानं माझी चूक सांगीन. त्याची त्याला सांगू दे."

"आणि त्यानं नाही सांगितली तर?"

"तर न्हाय."

माझा असा संताप झाला! मी भांडी आपटली, दार आपटलं, त्याच्या भोळेपणाला नाही नाही ते बोलले. तो ऐकत बसला.

*

बुधवारी मंडप भरला होता. बाप्ये पुढं, आम्ही बायका खांबांपाशी. रामजीला दोघांनी धरून आणून खाली पायरीवर बसवलेलं. एक डोळा पूर्ण मिटलेला, हातांना फडकी बांधलेली. कमळाबाई त्याच्या मागं उकिडवी.

विनेश बोलायला उठला, तेवढ्यात जुजे उभा राहिला.

"रामजीनं फल्या काढल्या न्हाय. मी काढल्या. पाली माझी व्हती. पाची मी काढल्या आनी लावायला गेलो न्हाय. तो लावीत व्हता. दोन लावल्या त्यानं. तुमी बघितल्या हायेत त्या दोन."

मग कुणीतरी मागून म्हणालं, "काय बोलतो हा?"

विनेश जवळ आला. "तुला हे कवा कललं?"

"रविवारीच. तिथंच."

"आनी तीन दिवस गप?"

"भ्यालो," जुजे म्हणाला.

विनेशनं त्याच्या मुस्काटात मारली. भर मंडपात. छप्पन्न वर्षांच्या माणसाच्या. जुजेचा चष्मा उडून माझ्या पायाशी आला. त्यानं हात वर केला नाही, गालाला सुद्धा लावला नाही. पुढच्या पोरांनी त्याची कॉलर धरली. शिव्या तर किती, त्यात आमच्या देवालाही सोडलं नाही. मला वाटत होतं तसंच झालं. "किरिस्तावांनी गाव बुडवला," हेच शब्द.

मी शिवदासकडं बघितलं. तो दुसऱ्या रांगेत मांडी घालून बसला होता आणि जमिनीवर बोटानं रेघा काढत होता. कल्पिता माझ्या शेजारीच उभी होती. ती त्याच्याकडं बघत होती, डोळे भरलेले. बोल, बोल, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं. तो बोलला नाही.

मग माझा आवाज सुटला. मी पुढं गेले, आणि मी शपथेवर सांगते, मी शिवदासचंच नाव घ्यायला गेले होते. नाव ओठांवर होतं. जुजेनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, चष्म्याशिवाय, लहान मुलासारखा. आणि मी म्हटलं, "काल कमळाबाई माझ्या दारात आली होती. मला खरं ठाऊक होतं. मी तिला खोटं सांगितलं."

एवढंच. माझा आवाज एवढा मोठा, पण ते कसंबसं निघालं.

कमिटीचा निकाल लागायला वेळ लागला नाही. आमची पाळी बंद. उधाणानं उघाडीपाशी खचलेला बांध पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही दोघांनी बांधायचा, कुणी हात लावणार नाही. लावणीला, कापणीला आमच्या शेतात कुणी यायचं नाही. जुजे सगळ्याला हो म्हणाला. मग म्हणाला, "एक राहिलं. रामजीला आपन मारलं. त्याची माफी मागायला पायजे. सगल्यांनी."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. विनेश फोन काढून त्यात बघायला लागला. "चुकून झालं," तो म्हणाला. "रागाच्या भरात व्हतं. त्यात काय एवढं? जा रे रामजी, जा तू. झोपड्या राहतील." हातानं गुरं हाकतात तसा हात केला. आणि मंडप उठला. कुणाला गुरांचं बघायचं होतं, कुणाला अलिबागला पंचनाम्याच्या कागदासाठी जायचं होतं. मी अवाक होऊन बघत होते. बांबू मारताना सगळं गाव होतं, आता एक माणूस नव्हता.

रामजी आणि कमळाबाई बांधाच्या वाटेला लागले होते. तो वाकून, कुशीवर हात धरून चालत होता. आम्ही त्यांना गाठलं. जुजे त्याच्या पुढं गेला आणि हात जोडून उभा राहिला. गालावर चार बोटं उठलेली.

"रामजी, माफ कर."

रामजीनं उघड्या डोळ्यानं त्याला नीट बघून घेतलं. त्याला राग आलेला दिसेना, म्हणून मला जास्तच कसंतरी झालं.

"तिसरी फली बसत न्हवती," तो म्हणाला. "पानी वर ढकलायचं. अजून एक मानूस असता तर बसली असती."

"व्हय."

"मला मारत व्हते तवा तू तिथं व्हतास. सफेद शर्टात."

"व्हतो."

"मी तुला हाक मारली. जुजे, तू सांग यांना, म्हनून. दोन येला मारली." तो थांबला, श्वास घेतला. "मला वाटलं, गलक्यात तुला आयकू गेली नसंल. कमळीला पन मी तेच सांगितलं, त्यानं आयकली नसंल. आयकली व्हती काय?"

जुजेनं जोडलेले हात खाली घेतले. "आयकली व्हती," तो म्हणाला.

रामजीनं मान हलवली. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. कमळाबाईनं त्याचा दंड धरला आणि दोघं आमच्या बाजूनं पुढं निघून गेले.

त्यानं जुजेलाच विचारलं, मला विचारलं नाही. रविवारचं सगळं मी तुम्हाला सांगितलं, बांबू सांगितला, नखं सांगितली, टोपलीतली बोयटं सुद्धा सांगितली. ही हाक तेवढी सांगितली नाही. मी जुजेच्या शेजारीच उभी होते. दोन्ही वेळेला मी ती ऐकली होती.